नेट गेलं, पण आबा दिसले

अकोलेकर मित्रांनो, मे २०२३ आठवतो का? १३ तारखेच्या रात्री जुन्या शहरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. अमरावतीकरांना यातलं काही सांगायला नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनीही संचारबंदी आणि बंद इंटरनेट असे दोन्ही अनुभव घेतले होते. बाहेर पडता येत नाही, मोबाइलवर काही उघडत नाही, वर अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन. घरातली सगळी माणसं एका कूलरसमोर बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, अशी आमच्या घरची अवस्था होती.

मी तेव्हा अमरावतीहून सुट्टीला घरी आले होते. आमच्याकडे राऊटर होता, पण त्याचं रिचार्ज महिनाभर आधीच संपलेलं. सगळा कारभार मोबाइलच्या डेटावर. तोही बंद झाल्यावर टीव्हीवरची ओटीटी ॲप्स नुसती गोल गोल फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा उठला, त्यानं आतल्या खोलीतला जुना असेम्बल्ड कॉम्प्युटर सुरू केला, राऊटरचा प्लग लावला आणि हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला त्याचा सेकंड हँड पीएस ३ चालू केला. दोन-चार मिनिटं खटपट केली आणि टीव्हीवर आत्याचं २००६ मधलं लग्न लागलं.

आजी कूलरसमोरून उठून टीव्हीजवळ आली. म्हणाली, "काहून रे, नेट तं बंद हाय म्हणता, मंग हे कसं लावून राह्यला?"

दादा म्हणाला, "आजी, याले नेट नाई लागत. हे घरातल्या घरात हाय."

आजीला उत्तराशी काही घेणं नव्हतं. ती पडद्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "थे पाय, तुहे आबा. पंगतीत वाढून राह्यले."

आबा २०१६ साली गेले. त्यांचे फोटो भिंतीवर आहेत, पण चालताना, वाकून बुंदी वाढताना, कुणाला तरी आग्रह करताना ते सात वर्षांत आम्ही पाहिले नव्हते. त्या दिवशी तीन तासांची ती अख्खी फिल्म आम्ही पाहिली. संध्याकाळी आजीनं परत लावायला सांगितली.

आज हे लिहायचं कारण असं की, घरातल्या कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ गेमिंग कन्सोलवर लावायची ही सोय आपल्यातल्या बहुतेकांना माहीतच नाही. आणि ज्यांना माहीत आहे, त्यांच्या हातून ती हळूहळू काढून घेतली जातेय.

घरातला रस्ता वेगळा, बाहेरचा वेगळा

आपण वायफाय आणि इंटरनेट हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरतो. घोळ तिथेच होतो. राऊटर दोन कामं करतो. एक, घराला बाहेरच्या जगाशी जोडतो. त्यासाठी रिचार्ज लागतं. दोन, घरातली यंत्रं एकमेकांशी जोडतो. त्यासाठी काहीच लागत नाही, फक्त वीज लागते. म्हणजे गावाबाहेरचा हायवे बंद असला तरी गल्लीतून शेजारी जाता येतं, तसंच हे. नेट बंद होतं तेव्हा हायवे बंद होतो. गल्ली चालूच असते.

हायवेवरून आठवलं. आपल्या अमरावती-अकोला रस्त्याचं नाव गिनीज बुकात आहे. जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून तो विक्रम झाला होता. बाहेरचे रस्ते आपण विक्रमी वेगानं बांधतो आणि त्यांचं कौतुकही करतो. घरातल्या रस्त्याचं मात्र कुणी नाव काढत नाही, कारण त्याचं बिल येत नाही आणि जाहिरातही येत नाही.

थोडा हिशेब करू. फुल एचडी व्हिडिओला साधारण ८ एमबीपीएस वेग पुरतो. म्हणजे सेकंदाला १ एमबी, तासाला ३.६ जीबी. तीन तासांची फिल्म क्लाउडवर टाकून तिथून बघायची तर दर वेळी दहा-अकरा जीबी डेटा जाणार. घरातल्या घरात बघायची तर खर्च शून्य. डीव्हीडीचा वेग तर जास्तीत जास्त १० एमबीपीएसच्या आसपास असतो. कॉम्प्युटर आणि कन्सोल दोन्ही साध्या १०० एमबीपीएसच्या लॅन केबलनं राऊटरला जोडले की तो सहज पेलतो. म्हणजे वेगाची अडचण नाहीच. अडचण आहे ती माहितीची.

भाजीवाल्याची हाक

हे चालतं कसं? यामागच्या व्यवस्थेचं नाव डीएलएनए. २००३ मध्ये सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्या एकत्र आल्या आणि घरातली वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकतील असे नियम त्यांनी ठरवले. कॉम्प्युटर झाला सर्व्हर, म्हणजे माल देणारा. टीव्ही किंवा कन्सोल झाला प्लेअर, म्हणजे माल घेणारा.

सकाळी भाजीवाला गल्लीत शिरला की हाक मारतो. कुणाच्या घरी कोण राहतं हे त्याला माहीत नसतं. ज्याला भाजी हवी तो दार उघडतो. कॉम्प्युटरवरचं सर्व्हर सॉफ्टवेअर अगदी तेच करतं. ते घरातल्या नेटवर्कवर हाक देतं, "माझ्याकडे व्हिडिओ आहेत, फोटो आहेत, गाणी आहेत." कन्सोल ती हाक ऐकतो आणि आपल्या मेनूत त्या कॉम्प्युटरचं नाव दाखवतो. तुम्ही फाइल निवडली की ती थोडी थोडी करून येत राहते. कॉपी व्हायची वाट बघावी लागत नाही.

एखादी फाइल कन्सोलला समजत नाही, असंही होतं. पीएस ३ ला एमकेव्ही फाइल वाचता येत नाही. तेव्हा सर्व्हर ती फाइल चालता चालता कन्सोलला कळेल अशा स्वरूपात बदलून देतो. म्हणजे दुभाषाचं काम करतो. या कामात कॉम्प्युटरची दमछाक होते, म्हणून जुन्या मशीनवर चित्र अडकतं.

"मग पेन ड्राइव्ह लावला तर काय बिघडतं बे?" असं तुमच्यातलं कुणी तरी विचारणारच. काही बिघडत नाही. पण पीएस ३ ला पेन ड्राइव्ह एफएटी ३२ प्रकारचा लागतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. शिवाय दर वेळी कॉपी करा, काढा, लावा. आजीला हे जमणार आहे का?

गेम खेळायला निघाले आणि

या सगळ्याच्या मुळाशी आपल्यासारखेच कॉलेजवाले पोट्टे आहेत. व्हीएलसी प्लेअर तुमच्या प्रत्येकाच्या मशीनवर असेल, तोच नारिंगी शंकूवाला. तो पॅरिसमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या १९९६ मधल्या प्रोजेक्टमधून आला. त्यांच्या कॅम्पसचं नेटवर्क स्लो होतं, गेम नीट खेळता येत नव्हते. नवं नेटवर्क मिळवायला कारण हवं होतं. मग उपग्रहावरून येणारा टीव्ही कॅम्पसच्या नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत दाखवायचा, असं काम त्यांनी अंगावर घेतलं. २००१ मध्ये ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं झालं.

दुसरं उदाहरण कोडीचं. त्याचं मूळ नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये फेरफार करून त्यावर सिनेमे-गाणी चालवायची हौस असलेल्या लोकांनी ते तयार केलं. म्हणजे गेमचं यंत्र घराचा सिनेमा होऊ शकतं, हे आधी वापरणाऱ्यांनी दाखवलं. कंपन्यांनी ते नंतर उचललं. २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० नं कॉम्प्युटरवरचे फोटो-गाणी टीव्हीवर आणली. पीएस ३ ला २००७ च्या मे महिन्यात एका अपडेटनं ही सोय मिळाली, तीही फुकट.

जे होतं ते काढून का घेतलं?

आता माझा मुद्दा. पीएस ४ आला २०१३ मध्ये, तेव्हा त्यात ही सोय नव्हती. लोकांनी आरडाओरड केली. २०१५ मध्ये मीडिया प्लेअरचं ॲप देऊन सोनीनं ती परत आणली. मग आला पीएस ५. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला तो ४९,९९० रुपयांना विकायला आला. त्यात पुन्हा ती सोय नाही. पेन ड्राइव्हवरचं चालतं, प्लेक्ससारखं दुसऱ्या कंपनीचं ॲप टाकून कॉम्प्युटरवरचंही बघता येतं. पण दादाच्या सेकंड हँड पीएस ३ मध्ये जे कंपनीकडून घरबसल्या मिळालं होतं, ते पन्नास हजारांच्या यंत्रात नाही. एक्सबॉक्सवाले त्या मानानं सुखी, त्यांना मीडिया प्लेअर, व्हीएलसी, कोडी असे पर्याय आहेत. ज्या संघटनेनं डीएलएनएचे नियम बनवले, तीही २०१७ मध्ये काम संपलं म्हणून बंद झाली. नियम मात्र अजून चालतात.

असं का होत असेल? कंपनीच्या मनातलं मला कळत नाही. पण गणित सोपं आहे. तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवरचं आत्याचं लग्न बघत बसलात तर कुणालाही एक रुपया मिळत नाही. तुम्ही सबस्क्रिप्शन घेतलंत तर दर महिन्याला मिळतो.

आणि पैसे देऊन घेतलेलं तरी आपलं असतं का? सोनीनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की, लोकांनी प्लेस्टेशनवर विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या खात्यातून काढले जातील, कारण परवान्याचा करार संपतोय. विकत घेतलेले, भाड्याचे नव्हे! गदारोळ झाला, नवा करार झाला आणि निर्णय मागे घेतला गेला. पण इशारा मिळाला तो मिळालाच. तुमच्या कपाटातलं पुस्तक प्रकाशक येऊन घेऊन जात नाही. खात्यातला सिनेमा मात्र जाऊ शकतो.

म्हणून हे पान स्पष्ट सांगतं, घरातलं घरात बघता येणं ही फालतू हौस नाही. यंत्र आपण विकत घेतलं असेल, फाइल आपली असेल, वीज आपली असेल, तर मध्ये तिसऱ्याचं खातं आणि लॉगिन कशाला? कन्सोल विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनं ही सोय यंत्रातच द्यायला हवी. आणि आपण ग्राहक म्हणून दुकानात ग्राफिक्स आणि एफपीएस विचारतो, तसं हेही विचारायला हवं, "भाऊ, माझ्या पीसीवरचं यावर चालते का?"

आता थोडं खरं बोलू

तुमच्या हार्ड डिस्कवर काय आहे, हे मला माहीत आहे. माझ्याही होतं. होस्टेलमध्ये एका डिस्कवरून दहा डिस्कवर फिरत आलेले सिनेमे. ते घरातल्या घरात बघितले म्हणून पवित्र होत नाहीत. कॉपीराइटचा आपला कायदा १९५७ चा आहे. खासगी वापरासाठी तो थोडी मोकळीक देतो, पण चोरीच्या प्रतीला अभय देत नाही. थिएटरात कॅमेरा लावणाऱ्यांसाठी तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे. गावाकडून येऊन शॉर्ट फिल्म करणारी आपलीच मुलं-मुली आहेत. त्यांची फिल्म फुकट फिरली तर त्यांची दुसरी फिल्म होणार कशी?

त्यामुळे मी ज्याबद्दल बोलतेय तो खजिना वेगळा आहे. लग्नाच्या सीडी. शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग. काकांच्या हँडीकॅमच्या टेप. गावच्या यात्रेतलं भजन. आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही आणि याचा मालकीहक्क कुणाला विचारायचा नाही.

गाडगेबाबांचा आवाज आज आपण ऐकू शकतो तो कशामुळे? १९५६ मध्ये, त्यांच्या अखेरच्या महिन्यांत, मुंबईत झालेलं त्यांचं एक कीर्तन कुणी तरी टेप केलं म्हणून. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्या आम्हा मुलांना त्या टेपेमुळे त्यांची वऱ्हाडी बोली कानांनी कळते. टेप करणाऱ्यानं "आज नको, पुढच्या वेळी" म्हटलं असतं तर?

आपल्या घरातही अशी माणसं आहेत. त्यांचा आवाज दिवाणातल्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या डिस्कवर पडलाय. घरी बर्न केलेल्या डिस्कचा थर उष्णतेनं आणि उन्हानं खराब होतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. आत्याच्या लग्नाची मूळ डीव्हीडी मागच्या वर्षी आम्ही लावून पाहिली. चालत नाही. दादानं कॉलेजात असताना ती कॉम्प्युटरवर उतरवली नसती, तर आबांचं ते पंगतीत वाढणं कायमचं गेलं असतं.

शेजारच्यांची मुंज

एक सावधगिरीची गोष्ट. अमरावतीत आम्ही चार मुली भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा घरमालकांनी एकच वायफाय तिन्ही मजल्यांना दिलं होतं. एके दिवशी मैत्रिणीनं टीव्हीवर काही तरी शोधताना एक अनोळखी फोल्डर उघडलं. वरच्या मजल्यावरच्यांच्या मुलाची मुंज! फोटो, व्हिडिओ, सगळं. त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही वर जाऊन काकूंना सांगितलं तेव्हा त्या घाबरल्याच.

लक्षात ठेवा, डीएलएनए पासवर्ड विचारत नाही. भाजीवाल्याची हाक अख्ख्या गल्लीला ऐकू जाते. म्हणून ही सोय फक्त स्वतःच्या घरच्या वायफायवर वापरा. होस्टेल, पीजी, कॉलेजच्या नेटवर्कवर शेअरिंग बंद ठेवा. अख्खी ड्राइव्ह शेअर करू नका. वेगळं फोल्डर करा आणि तेवढंच द्या. आणि घराबाहेरून बघता यावं म्हणून राऊटरचे पोर्ट उघडायच्या भानगडीत, नीट माहीत असल्याशिवाय, पडू नका.

या रविवारी

आता कामाचं. कॉम्प्युटरवर युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर किंवा जेलीफिन टाका. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही खुली आहेत. पीएस ३, पीएस ४ असेल तर पहिलं सोपं पडेल. विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. कन्सोलला कॉम्प्युटर दिसत नाही, अशी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा हेच, नाही तर फायरवॉल. दोन्ही यंत्रं एकाच राऊटरवर आहेत ना, ते बघा. चित्र अडकत असेल तर वायफाय सोडून केबल लावा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंती वायफायला अर्ध्यात अडवतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात देणार असाल तर थांबा. त्यावर लिनक्स टाकून त्यालाच घराचा सर्व्हर करता येतो.

लग्नाची डीव्हीडी असेल तर तिच्यातलं व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. स्टुडिओवाल्यांनी दिलेल्या डिस्कला सहसा कुलूप नसतं. फाइलला नाव, साल आणि गाव लिहा. 'न्यू फोल्डर ७' मधलं वीस वर्षांनी कुणाला सापडणार नाही.

आणि एका डिस्कवर विसंबू नका. जाणकार सांगतात, तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आमची एक प्रत अकोल्यात आहे, एक माझ्याकडे अमरावतीत. ५०० जीबीची डिस्क मी बॅगेत टाकून एसटीनं आणली. अडीच तासांत ५०० जीबी म्हणजे हिशेबानं ४४४ एमबीपीएस. आपल्या लाल परीइतका अपलोड स्पीड तुमच्या घरच्या कनेक्शनला आहे का, बघा बरं!

तुमच्या घरी कन्सोल नसेल तरी चालेल. बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये हीच सोय असते, मेनूत शोधा. पण ज्याला हे जमतं त्यानं शेजारच्या एका तरी घरात करून द्यावं, एवढी विनंती. आपली पिढी दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेलं बघते. एक रविवार आपल्याच माणसांना बघायला काढू.

आमच्याकडे आता राऊटरचं रिचार्ज वेळेवर होतं. ओटीटीही आहे. तरी मी घरी गेले की आजी दुपारी हळूच विचारते, "तो डबा लावतं का वं?" मी लावते. आबा वाकतात, बुंदी वाढतात, आग्रह करतात. आजी दर वेळी पडद्याला सांगते, "आता बसा तं जरा."